वाघाच्या दिवसावर कविता लिहायची तर आधी वाघ कधी उठतो ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की मुलगी पाचवीत आहे, शाळेतून 'वन्य प्राण्याचा एक दिवस' या विषयावर बारा ते सोळा ओळींची, यमक असलेली कविता सोमवारपर्यंत मागितलीय, तिने वाघ निवडला, चार ओळी लिहिल्या आणि आता दोन दिवस रडवेली होऊन वही घेऊन बसलीय, पुढचं यमकच सुचत नाही म्हणते. तुम्ही विचारलंय की यमकाचे शब्द कुठे मिळतील, आणि थोडी कविता मीच लिहून दिली तर चालेल का. तिच्या चार ओळी तुम्ही दिल्यात त्या या:

वाघ जंगलाचा राजा
रोज करतो तो मजा
सकाळी उठून खातो खाजा
मग खेळायला जातो ताजा-ताजा

मी २४ वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवतेय, त्यातली पहिली ९ वर्षं आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या बाजूच्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत, नंतरची पुण्यात. या विषयावरच्या कविता दरवर्षी तपासते, त्यामुळे तुमच्या मुलीचं काय झालंय ते बऱ्यापैकी ओळखीचं आहे. तिला शब्द कमी पडत नाहीयेत. उलट राजा, मजा, खाजा, ताजा असे चार शब्द तिने पटापट जमवलेत, कान चांगला आहे तिचा. अडलंय ते वेगळ्याच जागी. तिने यमक आधी धरलं आणि वाघ त्याच्यामागे ओढत नेला, म्हणून वाघाला खाजा खावा लागला. आणि दुसरी गोष्ट जी मोठ्यांच्याही लक्षात येत नाही ती म्हणजे तिने लिहिलेला दिवस तिचा स्वतःचा आहे. सकाळी उठायचं, काहीतरी खायचं, खेळायला जायचं, पुढे बहुतेक संध्याकाळी घरी येऊन रात्री झोपायचं असं येणार होतं. हा पाचवीतल्या मुलीचा दिवस झाला, फक्त पट्टे लावलेत. आणि चार ओळींतच ती अडकली कारण वाघ करतो काय हे तिला माहीतच नाही, मग लिहिणार काय ती बिचारी? माहिती संपली की यमकही संपतं.

पुढचं सांगायच्या आधी एक, थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळेत टीचर कशाला मार्क देतात ते विचारून घ्या. काही ठिकाणी दर दोन ओळींना यमक पाहिजे म्हणजे पाहिजेच, काही ठिकाणी एक ओळ सोडून एक चालतं, काही टीचर मुक्तछंद पण घेतात. तुमच्याकडे 'यमक असलेली' असं स्पष्ट सांगितलंय तर यमक द्यायचंच, त्यात वाद नको. आणि आज किती वेळ आहे त्यावर पण आहे, मुलगी शनिवारी-रविवारी मिळून दोन तास बसू शकत असेल तर मी खाली सांगते ते सगळं होईल, एकच संध्याकाळ असेल तर फक्त वाघाच्या कामांची यादी आणि टाळ्या एवढं करा.

आता वाघ. वाघाचा दिवस आपल्या घड्याळाने चालत नाही. ऊन चढलं की तो सावलीत पडून राहतो, आणि त्याचं खरं काम सुरू होतं ऊन कललं की, ते पहाटेपर्यंत. म्हणजे कवितेची पहिलीच ओळ उलटी झाली बघा, 'सूर्य उगवला, वाघ उठला' ऐवजी सूर्य मावळतो आणि वाघ उठतो. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात, कारण आपण झोपायला जातो तेव्हा कुणाची तरी सकाळ होते ही कल्पनाच त्यांना आवडते. तिथून कविता सुरू करू द्या.

मग जंगल ठरवा. नुसतं 'जंगल' म्हटलं की मुलं त्यात सिंह, जिराफ, झेब्रा, वाघ सगळे एकत्र सोडतात. आपल्या राज्यात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत, त्यातलं एक धरा. मी मुलांना शक्यतो ताडोबा देते कारण त्याचे फोटो, व्हिडिओ भरपूर सापडतात. सागाचं आणि बांबूचं रान, चितळ, सांबर, गवा, रानडुक्कर, वानरं, अस्वल, आणि चंद्रपूरचा उन्हाळा, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एवढं कळलं की पुढची गोष्ट आपोआप येते, एवढ्या उन्हात वाघ करणार काय, तो पाण्यात जाऊन बसतो. आणि बसतो कसा, तर पुष्कळदा पाठमोरा, मागे मागे सरकत आधी शेपटीकडचा भाग पाण्यात घालतो आणि तोंड बाहेर ठेवतो. व्हिडिओत हे दिसलं तर मुलीला थांबून बघायला सांगा. एवढं मोठं जनावर आणि पाण्यात शिरतं असं जपून, हे ज्या मुलाने एकदा बघितलं ते पुन्हा 'जंगलाचा राजा' लिहीत नाही.

अजून काही गोष्टी ज्या वाघ खरंच करतो: तो एकटा राहतो, सिंहासारखा कळपाने नाही, म्हणून 'वाघ, वाघीण, पिल्लं सगळे मिळून जेवायला बसले' असं लिहू नये, पिल्लं असतात ती आईजवळ. तो झाडांवर मूत्राचा फवारा मारतो, खोडावर नखांनी ओरखडे काढतो, ही त्याची पाटी, इथे मी राहतो म्हणून. त्याची बहुतेक वेळा शिकार हुकते. हो, हुकते. मुलांना वाटतं वाघ निघाला की मारलंच, पण कितीतरी वेळा उपाशी परत फिरावं लागतं, आणि जेव्हा मिळते तेव्हा पोटभर खाऊन उरलेलं पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो आणि परत येऊन खातो. आणि तो दिसायच्या आधी त्याची बातमी पसरते, झाडावरून वानर खेकसतं, चितळ ओरडतं, सांबराचा 'ढाँक' असा आवाज येतो. म्हणजे वाघाच्या कवितेत वाघ गप्प आणि बाकी सगळं रान बोलतंय असं पण करता येतं.

हे सगळं घालायचं नाही कवितेत. सोळा ओळींत चार क्षण पुरतात, एका कडव्याला एक. मुलीला म्हणा, यातले तुला आवडलेले चार निवड. तिने निवडायचे, तुम्ही नाही.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी फळ्यावर यमकाच्या जोड्या लिहून द्यायचे, राजा-मजा, रान-पान, झाड-पहाड, आणि म्हणायचे चला आता कविता करा. ३१ मुलांच्या ३१ वह्या गोळा केल्या आणि सगळ्यांत तोच राजा तीच मजा. मुलांचा दोष नव्हता, मी त्यांच्या हातात शेवट दिला होता आणि सुरुवात दिलीच नव्हती. त्यानंतर मी उलटं केलं, आधी फक्त प्राण्याच्या कामांचे शब्द काढायचे, यमक अजिबात नाही. वाघासाठी मुलांकडून काय काय येतं बघा: दबकतो, हुंगतो, चाटतो, थबकतो, कान टवकारतो, दबा धरतो, झेपावतो, ओढत नेतो, झाकून ठेवतो, जांभई देतो, लोळतो. अशी बारा-पंधरा कामं कागदावर आली की 'मजा करतो' हा शब्द कुणी वापरत नाही, गरजच राहत नाही.

मात्र या यादीतच मराठीची एक गंमत आहे आणि तीच अडचण पण आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणून खातो, जातो, येतो, गातो असं सगळं आपसूक जुळतं आणि मुलाला वाटतं झालं यमक. पण सोळाच्या सोळा ओळी 'तो'वर संपल्या की ऐकणाऱ्याचा कान चौथ्या ओळीलाच बंद होतो. यावर मी एकच सांगते, क्रियापद ओळीच्या पोटात ढकला आणि वस्तूचं नाव शेवटी आणा. 'वाघ पाण्यात बसतो' याच्या जागी 'पाण्यामध्ये बसे वाघ'. लगेच ओळीला वजन येतं आणि यमक पण नव्याने शोधावं लागतं. 'बसे', 'उठे', 'धरी' ही रूपं आपण बोलत नाही पण ओव्या-अभंगांमुळे मुलांच्या कानाला ती परकी नसतात, कवितेत चालतात, फक्त एका कवितेत फार नकोत.

आता ठेका. पाचवीच्या मुलीला मात्रा, लघु-गुरु यात घालू नका, सोमवारपर्यंत तर नकोच. सगळ्यात सोपं म्हणजे अष्टाक्षरी, एका ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच मोजायचं. 'पाण्यामध्ये' म्हणजे पा, ण्या, म, ध्ये, चार अक्षरं. 'बसे वाघ' चार. झाली आठ. आणि चार-चारचे दोन गट पडले तर ओळ नीट चालते, दर गटाला एक टाळी द्यायची. हे पोरांना फार आवडतं, जेवणाच्या ताटावर सुद्धा ठोकून बघतात. ओळ आठची असूनही टाळी अडखळली तर समजायचं शब्द मधे तुटतोय, मग शब्दांची जागा बदलायची. याचं उदाहरण पुढे देते.

ताई, एक सुचवू का, मुलीने वाघ बघितलाय का कधी? तुम्ही ते लिहिलं नाहीये. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात बघितला असेल तर त्याची चाल, जांभई, पाठीवरची कातडी चालताना कशी हलते हे सगळं तिथून घ्या, फक्त दिवस तिथला घेऊ नका, तिथे जेवणाची वेळ माणसं ठरवतात. अजिबातच बघितला नसेल तर मी म्हणेन प्राणी बदलायची मुभा टीचरकडून मिळते का बघा. माझ्या अनुभवात बघितलेल्या छोट्या प्राण्यावरची कविता न बघितलेल्या मोठ्या प्राण्यावरच्या कवितेपेक्षा नेहमी बरी होते. शहरातही मुंगूस आहे, खार आहे, घार आहे. पुण्यात आमच्या शाळेजवळ एका मोठ्या झाडाला वटवाघळं लटकलेली असतात, मी वर्गाला दुपारी तिथे उभं केलं आणि वीस मिनिटं नुसतं बघायला लावलं, बोलायचं नाही, लिहायचं नाही. एका मुलीने बघितलं की उन्हात ती उलटी लटकल्या लटकल्या एक पंख हलवून स्वतःला वारा घालतात. परत आल्यावर तिने यमकबिमक काही न लावता लिहिलं, 'त्याचा दिवस सुरू होतो तेव्हा आई मला घरी बोलावते.' ही ओळ मला अजून पाठ आहे, दहा वर्षं झाली असतील. वटवाघळाबद्दलची सगळी माहिती एकीकडे आणि ही ओळ एकीकडे.

आणि आता आंबेगावच्या शाळेतली गोष्ट, कारण खरं तर या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. भीमाशंकरचं अभयारण्य शेकरूसाठी ओळखलं जातं, शेकरू हा आपला राज्यप्राणी, मोठी तांबूस खार म्हणा, झुबकेदार शेपूट धरून जवळजवळ तीन फूट भरते. क्वचितच जमिनीवर उतरते, सगळा संसार झाडांच्या शेंड्यांवर. आमच्या पोरांना ते रोजचंच होतं. चौथीतला एक मुलगा, फार बोलायचा नाही, त्याने लिहिलं होतं: 'शेकरू झाडावर राहतो, फळे तो खातो, उड्या मारतो.' मी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, कुठे बघितलंस रे?

"वरच्या टेपावर (म्हणजे टेकाडावर). आई हिरडा गोळा करत होती तेव्हा."

काय करत होतं ते?

"या झाडावरनं त्या झाडावर गेलं."

उडी मारताना बघितलीस?

"नाय बाई. आधी ही फांदी हालली, मग ती हालली. मधलं दिसलंच नाय."

आणि दोन झाडांच्या मधे काय होतं?

"काय नाय. खाली दरी."

मग तुला भीती नाही वाटली?

"मला वाटली. त्याला नाय."

मी एवढंच केलं की त्याने जे सांगितलं ते तसंच फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाला म्हटलं, आता आठ-आठ अक्षरांत बसवा. अर्ध्या तासात हे झालं:

या झाडाची फांदी हले
त्या झाडाला धरी पाय
मध्ये खाली खोल दरी
त्याला तिचं भय काय

यात 'उडी' हा शब्दच नाहीये बघा. शेकरू वीस फुटांपर्यंत झेप घेतं हे पुस्तकात आहे, मुलांनी ते वाचलंही होतं, पण फांदी हलली आणि दुसरी हलली यात ती झेप जास्त दिसते. हा त्या पोराचा डोळा. मी सात जन्मात लिहू शकले नसते ही ओळ, कारण मी रोज वर्गात होते आणि तो टेपावर होता.

मग बाकीची कडवी वर्गाने मिळून केली. काहींनी घरटं बघितलं होतं, काटक्या आणि पानांचा गोळा, उंच बारीक फांद्यांमध्ये बांधलेला, आणि एकच शेकरू अशी तीन-चार घरटी बांधून ठेवतं. कुणी दुपारी फांदीवर पोट टेकून, चारी पाय दोन्हीकडे सोडून पडलेलं बघितलं होतं. आणि एकीच्या आजोबांनी सांगितलेलं की वर गरुड आला तर शेकरू पळत नाही, खोडाला चिकटून गप्प राहतं. ते असं आलं:

वारा थेट आत येतो
घरट्याला नाही दार
शेकरूला जाग आली
पोटामध्ये भूक फार

दुपारच्या उन्हामध्ये
फांदीवर अंग टाके
चारी पाय खाली सोडी
एक पान ऊन झाके

झाडांवर गरुडाची
सावली ती फिरू लागे
खोडाला ते चिकटलं
हले नाही पुढे-मागे

काटक्यांची चार घरं
झाडोझाडी बांधलेली
कुण्या घरी आज झोप
फांदी फांदी अंधारली

शेवटच्या कडव्यात टाळीचं उदाहरण आहे ते सांगते म्हटलं होतं. तिसरी ओळ आधी 'आज कुठल्या घरात' अशी होती. मोजा, आठच आहेत. पण टाळी दिली की 'आज कुठ' आणि 'ल्या घरात' असं तुटतं, शब्द मधोमध फाटतो. पोरांना स्वतःलाच ते खटकलं आणि कुणीतरी 'कुण्या घरी आज झोप' केलं, चार-चार नीट पडलं. आणि 'बांधलेली-अंधारली' हे यमक कच्चं आहे, मला माहितीय, मी मघाशी क्रियापदाच्या यमकाला नावं ठेवली आणि इथे तेच आहे. पण 'फांदी फांदी अंधारली' मला बदलवेना. रानात अंधार एकदम पडत नाही, खालून वर चढत जातो, आणि शेंडे सर्वात शेवटी काळे होतात. एका ओळीसाठी एक कच्चं यमक मी कधीही चालवून घेईन. तुमच्या मुलीनेही कुठे अशी निवड केली तर टीचरला सांगायला घाबरू नका, चांगल्या टीचरला ते कळतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मी लिहून देऊ का. ताई, ओळ देऊ नका, प्रश्न द्या. वर त्या मुलाशी बोलणं दिलंय ते मुद्दाम सविस्तर दिलंय, तसंच घरी करायचं. व्हिडिओ लावा, दोन-तीन मिनिटांचा पुरे, आवाज बंद करून, कारण मागे बोलणारा माणूस सगळं सांगून टाकतो आणि मुलगी त्याचेच शब्द लिहिते. मग विचारा: आधी काय हललं? कान कुठे होते? पाय ठेवताना आवाज आला असेल का? त्याच्या आजूबाजूला कोण घाबरलं? याच्यानंतर तो कुठे गेला असेल? ती जे बोलेल ते तुम्ही तिच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या, सुधारू नका, 'वाघ ढुंगण आधी पाण्यात घालतो' असं म्हणाली तरी तसंच लिहा, तिचं बघणं बरोबर आहे, शब्द नंतर सभ्य करता येतो. बोलून झालं की तिला तिचाच कागद द्या आणि म्हणा यातलं आठ अक्षरांत काय बसतं बघ. सुरुवातीला मदत म्हणून एक जोडी मी देते, पुढची तिने करायची:

मागे मागे सरकत
पाण्यामध्ये बसे वाघ

याच्याशी 'आग' जुळेल, 'जाग' जुळेल, 'माग' पण जुळेल, म्हणजे पावलांचा माग. ग आणि घ कानाला जवळचे आहेत, पाचवीला चालून जातं. उन्हाची आग, सांबराला आलेली जाग किंवा वाघाचा मातीत उठलेला माग, तिला यातलं जे दिसतंय ते ती घेईल. बघा, यमकाचे शब्द तुम्ही मागितले होते, ते आलेच, पण आता ते वाघाच्या मागून आलेत.

नेटवरून किंवा एआयकडून तयार कविता घेण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण तुमच्या प्रश्नाखाली एकांनी सुचवलंय म्हणून लिहिते. नका घेऊ. पकडली जाईल हे कारण आहेच, आम्हाला मुलांची वाक्यं वर्षभर वाचून पाठ झालेली असतात, एक ओळ वाचली की कळतं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे दोन दिवस रडवेली होऊन बसलेली मुलगी आहे ही, तिला लिहायचंय. तिच्या हातात दुसऱ्याची गुळगुळीत सोळा ओळींची कविता ठेवली तर तिला काय कळेल, की आपल्याला जमत नाही. आणि तिला जमतंय, खाजा हा शब्द आणायला पण डोकं लागतं.

शेवटच्या कडव्याबद्दल एक. मुलं सवयीने शेवटी 'झाडे लावा, वाघ वाचवा' असं लिहितात, पुस्तकातल्या आणि भिंतीवरच्या घोषणा डोक्यात असतात म्हणून. भावना खरी असते, मी कधी त्यावर फुली मारली नाही. पण विषय प्राण्याचा एक दिवस असा आहे, तर प्राण्याचा दिवस जिथे संपतो तिथे कविता संपू दे. वाघाचा संपतो ऊन चढल्यावर, पहाटेपर्यंत भटकून, कदाचित उपाशीच, बांबूच्या सावलीत अंग टाकताना. त्या वेळी तुमची मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघालेली असते. हे तिला नुसतं बोलून दाखवा आणि बघा तिला त्यात काही सापडतं का, सापडलं नाही तर सोडून द्या.

वेळ कमी असेल तर क्रम एवढाच: जंगल ठरवणं, व्हिडिओ आवाज बंद करून, तिच्या तोंडची वाक्यं कागदावर, चार क्षण तिने निवडायचे, मग आठ अक्षरं आणि टाळ्या, आणि यमक सगळ्यात शेवटी, एक ओळ सोडून एक. आज शनिवार आहे, आज फक्त बघणं आणि बोलणं करा, वही उघडूच नका. रात्री झोपताना तिला विचारा आत्ता ताडोबात वाघ काय करत असेल. उद्या सकाळी ती पहिली जी ओळ म्हणेल ती इथे टाका, अडली तर तिथून पुढे मी आहेच, रविवारी दुपारपर्यंत मोकळी आहे.